दाराचे लॉक आखडले? हातोडा ठेवा, आधी धुवा, मग वंगण घाला

बैलगाडीच्या काळात आसाला वंगण आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जुना माणूस गाडी जुंपत नसे. चाक कुरकुरायला लागले की वाटेने जाणारा परका माणूसही टोकायचा, "पाव्हणं, वंगण घाला की जरा!" आता बैलगाडीच्या जागी पिकअप आली, जीप आली, छोटा हत्ती आला, कुणाच्या अंगणात जुनी मारुती आली. इंजिनाचे ऑईल आपण वेळेवर बदलतो, टायरची हवा पाहतो, बॅटरीत पाणी घालतो. पण दाराचे लॉक? त्याची आठवण ते आखडल्यावरच होते, आणि तेव्हा आपण दारावर लाथ घालतो.

बाजाराच्या दिवशी कुठल्याही मार्केट यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवरून एक नजर फिरवा. एकीचे दार फक्त आतून उघडते, म्हणून धनी काचेतून हात घालून उघडतो. दुसरीचे दार तीनदा आपटल्याशिवाय बसत नाही. तिसरीत डाव्या बाजूने चढून उजवीकडे सरकायचे. चौथीचे दार सरळ दोरीने बांधलेले. विचारले तर उत्तर ठरलेले, "चालतंय की, काय बिघडलं?"

बिघडले आहे, आणि ते नुसत्या गैरसोयीचे नाही. न उघडणारे दार खोळंबा करते. न बसणारे दार माणूस घालवते. त्यात खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळदा हे लॉक मोडलेले नसतेच. ते नुसते मळलेले असते. अर्धा-पाऊण तास, एक जुना दातांचा ब्रश, एक स्क्रू ड्रायव्हर, थोडे चिंध्यांचे बोळे आणि बोटभर ग्रीस, एवढ्या भांडवलावर ते पुन्हा कामाला लागते. कसे, ते आता क्रमाने पाहू.

लॉकच्या पोटात काय असते?

गाडीचे दार उघडा आणि दाराच्या मागच्या कडेकडे पाहा. तिथे पत्र्याला एक खाच दिसेल आणि त्या खाचेत दोन बोटांसारखा लोखंडी तुकडा दिसेल. त्याला आपण जबडा म्हणू. समोर गाडीच्या खांबावर एक जाड कडी किंवा खुंटी बसवलेली असते. मेकॅनिक लोक तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावले की ही कडी जबड्यात शिरते, जबडा जागेवरच फिरतो आणि कडीला मिठी मारतो.

आता जबडा पुन्हा उघडू नये म्हणून आत एक छोटी खिटी असते. जबडा फिरला की ही खिटी स्प्रिंगच्या जोरावर त्याच्या खाचेत पडते आणि त्याला अडवून धरते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ज्या बारीक खिट्या असतात, त्याच जातीची ही. एका बाजूला फिरू देते, उलटे फिरू देत नाही. आपण हँडल ओढतो तेव्हा आतली सळई किंवा वायर ही खिटी उचलते, जबडा आपल्या स्प्रिंगने उघडतो आणि दार मोकळे होते. जुन्या गाड्यांत रचना थोडी वेगळी सापडेल, पण तत्त्व हेच.

म्हणजे या सगळ्या कारभारात जीव कुणाचा? दोन बारीक स्प्रिंगांचा. हँडलला आपल्या हाताचा जोर असतो, पण खिटी परत खाचेत पाडायचे काम एकट्या स्प्रिंगचे. तिला थोडा जरी अडथळा झाला तरी खिटी अर्ध्यावर लटकते. मग दार आपटा, लाथ घाला, ते उसळी मारून परत येणारच. तुमच्या लाथेचा जोर स्प्रिंगला मिळत नाही.

लॉक आखडते कशाने?

ग्रीस म्हणजे काय, तर घट्ट साबणासारख्या पदार्थात धरून ठेवलेले तेल. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा लॉकमध्ये ग्रीस भरलेले असते. वर्षे जातात तसे त्यातले तेल झिरपून, उडून जाते आणि मागे घट्ट चोथा उरतो. त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ बसते. उसाच्या हंगामातला फुफाटा, मळणीचा भुसा, वीटभट्टीची राख, पावसाळ्यातला चिखल, सगळे त्या खाचेतूनच आत जाते, कारण जबड्याचे तोंड उघडेच असते. चोथा आणि धूळ मिळून काळा, चिकट लगदा तयार होतो. खिटी त्या लगद्यात रुतते.

दुसरे कारण पाणी. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आत साचते, दमटपणा राहतो आणि लॉक, सळया, स्प्रिंगा गंजतात. तुमचे दार उघडताना आतून पाणी हेलकावल्याचा आवाज येत असेल तर समजा की भोके बुजली आहेत. एक काडी किंवा बारीक तार घालून ती मोकळी करा. पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरे कारण आपल्या मालाचे. युरिया आणि इतर रासायनिक खते हवेतली ओल ओढतात. खताची पोती सतत वाहणाऱ्या पिकअपच्या दारांना आणि मागच्या फाळक्याच्या कड्यांना गंज लवकर धरतो, तो याच कारणाने. खत उतरवले की गाडी झाडून, साध्या पाण्याने धुऊन वाळवली पाहिजे.

चौथे कारण ऐकून नवल वाटेल. ते म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळचा पाण्याचा जोरदार फवारा. जोराने पाणी मारले की दाराच्या कडा स्वच्छ दिसतात, पण लॉकमधले उरलेसुरले ग्रीसही निघून जाते. म्हणून गाडी अशी धुतल्यावर लॉकला, बिजागऱ्यांना पुन्हा वंगण द्यायचे असते, हे लक्षात ठेवा.

दोन खटके, आणि त्यातला फरक

दार सावकाश लावून पाहा. कान दिला तर दोनदा 'टक्' असा आवाज येतो. पहिला अर्धा खटका, दुसरा पूर्ण. अर्ध्या खटक्यावर दार लागल्यासारखे दिसते, पण कडेने बोटभर फट राहते, दार खडखडते आणि दिवा असलेल्या गाडीत दिवा पेटलेला राहतो.

हे दोन खटके उगीच ठेवलेले नाहीत. गाड्यांच्या दारांची लॉके आणि बिजागऱ्या यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी क्रमांक ११ चा स्वतंत्र नियम आहे. त्यानुसार पूर्ण बसलेल्या लॉकने गाडीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ११ हजार न्यूटन, म्हणजे साधारण ११०० किलो वजनाइतका ओढा सोसायला हवा. अर्ध्या खटक्यावरच्या लॉकसाठी ही अपेक्षा सुमारे साडेचार हजार न्यूटनची, म्हणजे साधारण ४५० किलोची आहे. थोडक्यात, अर्धा खटका हा चुकून दार नीट लागले नाही तर ते एकदम उघडू नये यासाठीचा राखीव आधार आहे. त्यावर प्रवास करायचा नसतो. निम्म्याहूनही कमी ताकदीवर आपण घरची माणसे बसवतो आणि घाट उतरतो, हे ध्यानात घ्या.

आता विचार करा. लग्नसराईत गाडी गच्च भरलेली, दाराशी कुणाची तरी पाठ टेकलेली, मांडीवर लेकरू. वळणावर सगळे वजन एका बाजूला येते. लॉकमध्ये लगदा असेल तर खिटी पूर्ण पडलेली नसते. काळी-पिवळी असो, वडाप असो की घरची गाडी, असे दार वळणावर उघडले तर दोष रस्त्याला देऊन उपयोग नाही.

आणि दोरीने बांधलेले दार? ते उघडत नाही हे खरे, पण अपघातात, आग लागली तर किंवा गाडी कालव्यात गेली तर ते आतल्या माणसालाही उघडता येत नाही आणि बाहेरून धावून आलेल्यालाही. दोरी हा इलाज नाही.

आधी ओळखा, मग हात लावा

डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध देतो. लॉकचेही तसेच करावे. नाही तर दोष एकीकडे आणि तेल दुसरीकडे, असे होते.

दार बाहेरून उघडते, पण आतून उघडत नाही, आणि ते मागचे दार आहे? तर आधी दाराच्या कडेला, लॉकच्या जवळ एक छोटी कळ असते ती पाहा. ती लहान मुलांसाठीची कुलूपकळ आहे. धुताना, पुसताना ती खाली-वर होते. कळ मूळ जागी आणली की काम झाले. कित्येकदा यासाठीच लोक गाडी तालुक्याला नेतात.

दार आतून उघडते, पण बाहेरून नाही? आणि बाहेरचे हँडल ढिले, बिनजोराचे लागते? तर लॉक बहुधा बरे आहे. हँडलपासून लॉककडे जाणारी सळई सुटली असेल, तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटली असेल किंवा हँडलच मोडले असेल. इथे कितीही तेल ओता, गुण येणार नाही. आतला पत्रा-पुठ्ठा काढून क्लिपच बदलावी लागते.

हँडल ओढताना जड लागते आणि सोडल्यावर जागेवर परत येत नाही? किंवा दार आपटले तरी उसळून परत येते? हा लगद्याचा, वाळलेल्या ग्रीसचा आजार. आपले आजचे औषध त्यावरच आहे.

खात्री करायची एक सोपी रीत आहे. दार पूर्ण उघडे ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने जबडा हळूच ढकलून बंद दिशेला फिरवा, जणू कडीच आत आली आहे. निरोगी लॉकमध्ये 'टक्-टक्' असे दोन खटके स्वच्छ ऐकू येतील. मग बाहेरचे हँडल ओढा. जबडा चटकन उघडला पाहिजे. तो सावकाश, आळसावल्यासारखा उघडला किंवा खटका लागलाच नाही, तर लॉक मळले आहे.

इथे एक इशारा. जबडा बंद असताना दार कधीही आपटू नका. हँडल ओढून तो आधी उघडा, मगच दार लावा. बंद जबडा कडीवर आदळला तर लॉकही जाते आणि पत्राही वाकतो.

दार बंदच आहे, उघडत नाही तेव्हा

दोन माणसे घ्या. एकाने लॉकच्या जागी दारावर तळहात ठेवून दार आत दाबून धरावे. असे दाबले की कडीचा जबड्यावरचा ओढा कमी होतो आणि खिटीवरचा भार हलका होतो. दुसऱ्याने त्याच वेळी हँडल एका लयीत, झटका न देता ओढावे. लॉकची खुंटी किंवा किल्ली चार-दोनदा खाली-वर करून पाहावी. पुष्कळशी दारे एवढ्यावरच उघडतात.

नाही उघडले तर गंज सैल करणाऱ्या फवाऱ्याच्या डब्याला जी बारीक नळी मिळते, ती लावून दाराच्या मागच्या फटीतून, लॉकच्या उंचीवर फवारा. दहा-पंधरा मिनिटे थांबा. घाई करू नका, औषध मुरू द्या. मग लॉकच्या आसपास तळहाताने किंवा मुठीच्या मऊ बाजूने थापट्या मारत पुन्हा हँडल ओढा. हातोडा नको, पहार तर मुळीच नको. पहारीने दार उघडते, पण नंतर ते कधीच नीट बसत नाही.

आतून-बाहेरून दोन्हीकडून हार खाल्ली, तर बंद दाराच्या आतला पुठ्ठा काढणे हे सरावाचे काम आहे. तिथे चांगला मेकॅनिक गाठा. सेंट्रल लॉकिंग असलेल्या गाडीत दाराच्या पोटात मोटर आणि वायरी असतात, काही नव्या गाड्यांत बाजूच्या हवेच्या पिशवीची, म्हणजे एअरबॅगची यंत्रणाही दाराशी जोडलेली असते. अशा दाराचे पोट स्वतः उघडू नका.

धुणे आधी, वंगण नंतर

दार उघडले की पुष्कळ जण घाईने तेल ओततात आणि म्हणतात, "झालं बघा मोकळं." चार दिवस ते चालतेही. पण जुना लगदा आतच असतो. नव्या तेलात भिजून तो आणखी धूळ पकडतो. वाळू आणि ग्रीस मिळाले की काय होते हे गॅरेजवाल्याला विचारा. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट ती तशीच असते. म्हणून आधी मळ काढायचा. क्रम असा ठेवा:

१. काच पूर्ण वर करा. दाराखाली आणि सीटवर जुने पोते अंथरा. बिडी-सिगारेट, स्टोव्ह, वेल्डिंग यांपासून दूर, मोकळ्या हवेत काम करा.

२. वरची माती कोरड्या ब्रशने झाडा. बोळा रॉकेलमध्ये, नाही तर डिझेलमध्ये बुडवून किंवा गंज सैल करणारा फवारा मारून जबडा आणि खाच भिजवा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते.

३. पाच-दहा मिनिटांनी दातांच्या ब्रशने घासा. स्क्रू ड्रायव्हरने जबडा बंद करा, हँडल ओढून उघडा. असे २०-२५ वेळा करा. आतला मळ या हालचालीनेच बाहेर येतो. आधी काळे पाणी गळेल. ते पुसा, पुन्हा फवारा, पुन्हा चालवा. गळणारे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहा.

४. कोरड्या चिंधीने पुसा आणि अर्धा तास दार उघडे ठेवून वाळू द्या. टायरची हवा मारायचा पंप असेल तर त्या हवेने झटकून काढा. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा असू द्या.

५. आता वंगण. जबडा जिथे फिरतो त्या ठिकाणी आणि खिटीच्या खिळ्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा. मग जबड्याच्या घासणाऱ्या कडांना पातळसे ग्रीस लावा. पांढरे लिथियम ग्रीस मिळाले तर उत्तम. नाही तर बेअरिंगचे चांगले, स्वच्छ ग्रीसही चालते. हरभऱ्याएवढे पुरे. ओंजळभर नको.

६. पुन्हा दहा-बारा वेळा चालवा. दोन खटके स्वच्छ ऐकू आले की बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाका. नाही तर ते धूळ धरेल आणि बसणाऱ्याचे धोतर, साडी काळी करील.

७. खांबावरची कडी पुसून तिलाही बोटाने ग्रीसचा हात द्या. बिजागऱ्यांत तेलाचे थेंब सोडा. दार किती उघडावे हे धरून ठेवणारी पट्टी असते, तिलाही थोडे ग्रीस द्या.

८. शेवटी जबडा उघडा आहे याची खात्री करून दार हलक्या हाताने लावा. आपटावे न लागता ते दुसऱ्या खटक्यावर बसले की तुमचे काम पास झाले.

कोणते तेल चालेल, कोणते नाही

घरात आहे म्हणून गोडेतेल घालू नका. खाण्याची तेले हवेशी संयोग होऊन कालांतराने चिकट होतात. तेलाच्या बरणीभोवती साचणारा चिकटा आठवा. तोच चिकटा लॉकमध्ये होतो. खोबरेल तेल तर साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. थंडीतल्या पहाटे दूध घेऊन निघायचे आणि दार उघडत नाही, असा प्रसंग येतो तो यामुळे.

इंजिनातून काढलेले जळके ऑईल हा आपल्याकडचा लाडका उपाय. "फुकटात आहे, टाका." पण त्यात काजळी, धातूचा बारीक चुरा आणि आम्ल तयार करणारे पदार्थ असतात. लॉकच्या बारीक स्प्रिंगांना ते वंगण नव्हे.

गंज सैल करणाऱ्या फवाऱ्यांबद्दलही गैरसमज आहे. डब्ल्यूडी-४० हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. ते १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे रॉकेट केमिकल कंपनीत तयार झाले. धातूवरचे पाणी हटवून गंज रोखणे हा त्याचा मूळ हेतू होता. नावाचा अर्थही तोच, पाणी हटवण्याचे चाळीसाव्या प्रयत्नात जमलेले मिश्रण. लॉक मोकळे करायला, मळ सैल करायला ते किंवा तसे दुसरे फवारे चांगलेच. पण त्यातला मोठा भाग उडून जातो आणि मागे पातळ थर उरतो. म्हणून फवाऱ्याने धुवावे आणि त्यानंतर ग्रीस लावावे. नुसत्या फवाऱ्यावर थांबलात तर पुढच्या पावसाळ्यानंतर तेच काम परत करावे लागेल.

किल्ली जिथे घालतो त्या छिद्रात मात्र तेल आणि ग्रीस दोन्ही नको. तिथे बारीक पत्त्या असतात आणि तेलावर बसलेली धूळ त्यांना अडकवते. किल्ली जड फिरत असेल तर ग्रॅफाइटची पूड वापरा. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिलचे शिसे किल्लीच्या खाचांवर चांगले घासा आणि किल्ली आत-बाहेर करा. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइटच असते. आणि किल्ली वाकवून जोर लावू नका. ती आत तुटली तर दुखणे दुप्पट.

दार खाली उतरले असेल तर

काही वेळा लॉक स्वच्छ असूनही दार बसत नाही. मग दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचलून पाहा. ते वर-खाली हलले तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजली आहे. दारावर लटकून चढण्याची सवय, दाराला टेकून गप्पा मारण्याची सवय, यांनी हे होते. उतरलेले दार कडीवर खालच्या बाजूने घासते. कडीवर चकाकणारी रेघ दिसते. अशा वेळी आधी बिजागरी दुरुस्त करा.

खांबावरची कडी स्क्रू सैल करून थोडी सरकवता येते, हे खरे. पण सरकवण्याआधी तिच्या भोवती पेन्सिलने खूण करा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. एका वेळी एक-दोन मिलिमीटरच सरकवा, स्क्रू घट्ट आवळा आणि मगच दार लावून पाहा.

सरपंच आणि अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द

घरच्या गाडीचे दार बिघडले तर घरचा माणूस बोंबलतो. सरकारी किंवा गावकीच्या गाडीचे बिघडले तर कुणीच बोलत नाही, कारण ती सगळ्यांची असते आणि म्हणून कुणाचीच नसते. ग्रामपंचायतीची घंटागाडी दिवसभर थांबत-थांबत चालते. तिचे दार शंभरदा उघडते आणि कचऱ्याची ओल, धूळ यातच राहते. आरोग्य केंद्राच्या गाडीचे मागचे दार तर सर्वांत महत्त्वाचे. बाळंतीण आत आहे आणि दार उघडत नाही, म्हणून चार माणसे लाथा घालत आहेत, हे दृश्य कुठल्याही गावाला शोभणारे नाही.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, ठराव लागत नाही. चालकाने महिन्यातून एकदा प्रत्येक दार आतून, बाहेरून आणि किल्लीने उघडून पाहावे, दोन खटके ऐकावेत आणि लॉगबुकात एक ओळ लिहावी. अधिकाऱ्याने सही करण्याआधी एखादे दार स्वतः उघडून पाहावे. शाळेत मुले नेणाऱ्या गाड्यांबाबत पालकांनीही हे विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट, मुलांची. अंगणात उभ्या गाडीत मुले खेळायला शिरतात. आतले हँडल मेलेले असेल किंवा कुलूपकळ लागलेली असेल तर मूल आत अडकते. उन्हात उभ्या बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण १० अंशांनी चढू शकते. आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. म्हणून उभ्या गाडीला किल्ली लावा, किल्ली मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि आतली सगळी हँडले चालू ठेवा.

कधी करायचे?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर जू ओढून शेकलेल्या खांद्याला तूप-हळद लावतो. खंडेनवमीला अवजारे पुसून पूजतो आणि गाडीलाही झेंडूचा हार घालतो. हे दिवस येतात ते नेमके पावसाळा सरतानाचे. गाडीच्या लॉकमधला चिखल काढायला आणि हंगामाच्या फुफाट्याआधी नवे ग्रीस भरायला याहून चांगली वेळ नाही. हार घालण्याआधी चारही दारे आणि मागचा फाळका यांची लॉके धुऊन वंगण घाला. दुसरा हात पावसाळ्यापूर्वी, पेरणीची अवजारे बाहेर काढताना द्या. त्या वेळी दाराखालची भोकेही मोकळी करा. वर्षातून दोनदा एवढे झाले तर लॉक बहुधा गाडीच्या आयुष्याइतके टिकते.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. आधी फक्त दारे सावकाश लावून पाहा आणि दोन खटके मोजा. ज्या दाराला एकच ऐकू आला, त्याच्यापासून सुरुवात करा.